चार माणसं लोंबकळली म्हणून अँकर पास होत नाही

मावशीला हॉलमध्ये सागवानी झोपाळा टांगायचाय. स्लॅबला भोकं पाडून कड्या 'केमिकल'नं बसवू, असं मिस्त्री म्हणतोय. (काँक्रीटमध्ये अशी रुतवून बसवलेली कडी किंवा बोल्ट म्हणजे अँकर.) तिला धीर यावा म्हणून त्यानंच तिला मेसेज पाठवला: "चार माणसं एकदा लोंबकळून बघा, टिकलं तर आयुष्यभर चिंता नाही. केमिकल वाळलं की दगड. ओतीव कडीपेक्षा मजबूत. भोक साफ करायचीही गरज नाही." हा मेसेज मला याआधी तीनदा आलाय, तेव्हा सोडून दिला. आता मावशीच विचारतेय.

शेवटून घेतो. भोकात धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. ब्रश, हवा, पुन्हा ब्रश. संपलं.

"ओतीव कडीपेक्षा", म्हणजे स्लॅब ओततानाच आत बसवलेल्या कडीपेक्षा, "मजबूत" यात थोडं तथ्य आहे, मान्य करावंच लागेल. चांगलं इपॉक्सी (मिस्त्रीचं 'केमिकल' ते हेच, घट्ट होणारा चिकट गोंद) नीट भरलेलं असेल तर ओढून बघताना कधीकधी सळईच आधी तुटते. पण ती ओढ काही मिनिटांची असते.

आणि ते दगडबिगड काही होत नाही. भार कायम राहिला की इपॉक्सी कणाकणानं सरकत राहतं. याला क्रीप म्हणतात. याचीच दुसरी बाजू म्हणजे ताणून लांबी तेवढीच धरून ठेवली, तर आतली ओढ उतरत जाते. कागदांच्या गठ्ठ्याला वर्षभर लावलेला रबरबँड काढून बघा, पूर्वीसारखा आवळत नाही. (रबर जुनंही होतं, ते वेगळं.) हे तपासायला वेळच द्यावा लागतो. अँकरच्या इपॉक्सीवर १००० तास, म्हणजे जवळजवळ ४२ दिवस, भार ठेवून बघतात, गरम करूनसुद्धा, कारण उष्णतेत ते जास्त सरकतं. मावशीचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅबवर थेट मे महिन्याचं ऊन.

आता ती चार माणसं. अमेरिकेत बॉस्टनच्या बोगद्यात छताचे काँक्रीटचे पॅनल अशाच इपॉक्सी अँकरांवर टांगले होते. ते ठरल्या भारापेक्षा जास्त ओढून पास केलेले होते. १० जुलै २००६ च्या रात्री सुमारे २६ टनांचं छत खाली आलं आणि मोटारीतली एक बाई गेली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं (एनटीएसबी) २००७ च्या अहवालात कारण स्पष्ट लिहिलं: क्रीपला न टिकणारं, झटपट सुकणारं इपॉक्सी. चीड येते ती याची, की १९९९ मध्येच शेजारच्या बोगद्यात अँकर सरकलेले दिसले होते. तेव्हा केलं काय, तर नवे बसवून पुन्हा तीच थोड्या वेळाची ओढ!

झोपाळ्यावर माणसं दिवसभर बसत नाहीत, हे कबूल. पण फळी आणि साखळ्या चोवीस तास लटकणारच, वर झोके.

मावशीला म्हटलं, स्लॅबच्या आरपार बोल्ट घे, वरून पोलादी प्लेट. त्यासाठी गच्चीचं वॉटरप्रूफिंग उकरून पुन्हा करावं लागेल. मिस्त्रीला नेमकं तेच नकोय.