दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को: लांबच्या मार्गाने विमान लवकर कसे पोहोचले?

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झाले, तरी प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी संपला. या उड्डाणाचा दाखला देत एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो. पृथ्वी विमानाखालून सरकते म्हणून पूर्वेकडचा प्रवास लवकर होतो, तारीखरेषा ओलांडल्याने वेळ वाचतो, आणि नकाशावरची सरळ रेषा सोडून कमानीसारखे वळणे म्हणजे इंधनाची नासाडी, असे त्यात म्हटले आहे.

पहिला दावा स्वतःच्याच तर्काने कोसळतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा ती खरोखरच विमानाखालून सरकत असती, तर पश्चिमेकडची गावे विमानाच्या भेटीला आली असती आणि पूर्वेकडची लांब पळाली असती. जुहूवर तासभर एका जागी तरंगणारे हेलिकॉप्टर ओमानच्या किनाऱ्यापाशी सापडले असते, कारण मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला सरकते. तसे होत नाही, कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेतच उडते. वेळेतला फरक पडतो तो हवेच्या पृथ्वीसापेक्ष हालचालीमुळे. मध्य अक्षांशांवर साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, वाहतो. १५,३०० किलोमीटरना साडेचौदा तासांनी भागले की जमिनीसापेक्ष सरासरी वेग ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर येतो. अशा विमानाचा हवेतला वेग ९०० च्या आसपास असतो, आणि वरचे दीडशे पाठीवरच्या वाऱ्याचे. या प्रवाहाच्या घडणीत पृथ्वीच्या परिवलनाचा हात आहे हे खरे, पण तो वाऱ्याला दिशा देण्यापुरता.

तारीखरेषेचा दावा फार वेळ घेण्यासारखा नाही. उन्हाळ्यात दिल्लीहून पहाटे चारला निघालेले विमान साडेचौदा तास उडून सॅन फ्रान्सिस्कोत त्याच तारखेला सकाळी सहाला उतरेल. घड्याळांत साडेबारा तासांचा फरक आहे म्हणून तसे दिसते, पण पाठ अवघडते ती साडेचौदा तासांचीच.

उरला नकाशा. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की उत्तरेकडचा भाग ताणला जातो, त्यामुळे जी रेषा कमानीसारखी दिसते तीच प्रत्यक्षात जवळची असू शकते. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे किमान अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे आणि तो मार्ग ७५ उत्तर अक्षांशाच्याही वर, आर्क्टिकमधून जातो. नेहमीच्या भिंतीवरच्या नकाशात पॅसिफिकवरून आडवी ओढलेली रेषा मात्र सुमारे १५,००० किलोमीटर भरते. तरीही विमाने दरवेळी किमान अंतराचाच मार्ग धरत नाहीत, कारण हवाई हद्दी बंद होतात आणि वारे बदलतात. जेट प्रवाह हिवाळ्यात जोरदार आणि उन्हाळ्यात मंद असतो, म्हणून लांबचा मार्ग परवडेल की नाही याचा हिशेब उड्डाणाआधी त्या त्या दिवसाच्या वाऱ्यांचा अंदाज पाहूनच केला जातो.