दंड कोणाला लावलाय?

रविवारी आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तळमजल्यावरच्या काकांनी माझ्या खर्चपत्रकाला फूटपट्टी लावली. अक्षरशः. टीव्हीच्या पडद्याला. आज गुरुवार, आणि मी अजून जिना उतरताना त्यांचं दार बंद आहे ना ते आधी बघतो.

ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. आधीच्या सेक्रेटरींच्या एक्सेलचा पासवर्ड त्यांच्याबरोबर बंगळुरूला गेला, म्हणून मी सगळा हिशोब साध्या मजकुरात, मार्कडाउनमध्ये ठेवला (मथळे, यादी वगैरे साध्या चिन्हांनी खुणावायची पद्धत). त्याचं सजवलेलं रूप दाखवणारा प्रीव्ह्यू ऐनवेळी चालेना. म्हटलं, कच्ची फाइलच दाखवू, वाचता येतेच की. २००४ मध्ये जॉन ग्रुबरनं मार्कडाउन काढलं ते याच बोलीवर: मजकूर सजवण्याआधीही माणसाला वाचता यावा. त्यात टेबलं नव्हतीच म्हणा. रकाने उभ्या रेघांनी वेगळे करायची टेबलं मागून आली.

"हे मधे मधे दंड कसले?" काकांनी विचारलं.

मागच्या खुर्चीतल्या आजी दचकून जाग्या झाल्या. "दंड? मी एप्रिलमध्येच मेंटेनन्स भरलाय. पावती आहे माझ्याकडे."

"दंड नाही हो आजी, उभ्या रेघा आहेत."

"मग दंड कोण म्हणालं?"

"मी म्हणालो," काका. "श्लोकात ओळ संपली की दंड देतात. यांनी शब्दागणिक दिलाय."

"म्हणजे सगळ्यांनाच लावलाय," आजी म्हणाल्या आणि पर्समध्ये पावती शोधू लागल्या.

काकांची सगळी नोकरी बँकेत गेली, रोजकीर्द आणि खतावणीत. त्यांनी कापडी पिशवीतून फूटपट्टी काढली. (सभेला माणूस फूटपट्टी घेऊन का येतो, हे मला कोणीतरी सांगावं.) उठून पडद्यापाशी आले, पट्टी उभी धरली. "बघा. बुधवार पेठेतनं आणलेल्या पंपाच्या सामानाची रेघ इथे. मखराचं कापड, लक्ष्मी रस्ता, त्याची रेघ दोन बोटं उजवीकडे. आणि वॉचमनचा पगार तर पार बाहेर पडलाय."

"पगार वेळेवर दिलाय, काका."

"वेळेवर असेल. रकान्यात नाहीये."

हशा पिकला. मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण अपमान झाला की मला समजावून सांगायची खोड आहे. म्हटलं, काका, रोमन लिपीत असे फॉन्ट असतात की आय आणि डब्ल्यू सारख्याच जागेत बसतात, म्हणून रेघा जुळतात. त्या फॉन्टांत बहुतेक वेळा देवनागरी नसतेच. मग संगणक ती दुसऱ्या फॉन्टातून उसनी आणतो, आणि तिथे 'र' सडपातळ, 'क्ष' ऐसपैस. वर मी ज्यात लिहितो तो एडिटर 'लक्ष्मी' शब्दात सात अक्षरं मोजतो. ल, क, हलन्त, ष, पुन्हा हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी.

"ल, क्ष्मी. दोन," काका म्हणाले. "पहिलीतलं पोर सांगेल."

यावर काय बोलणार? बरोबरच आहे. शनिवारी रात्री दीड वाजेपर्यंत मी स्पेसबार दाबत बसलो होतो, ते या सात आणि दोनमधला फरक भरून काढायला. माझ्या लॅपटॉपवर रेघा जुळल्याही होत्या. टीव्हीला दुसऱ्याचा लॅपटॉप जोडला, त्यात दुसरा फॉन्ट, आणि माझी रात्र वाहून गेली. म्हणे साधा मजकूर कुठेही सारखाच दिसतो. कोणाचा मजकूर?

ॲमस्टरडॅमच्या कार्स्टन डोमिनिक नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं २००३ मध्ये इमॅक्स या एडिटरसाठी ऑर्ग-मोड हे जोडसाधन लिहिलं, तेही साध्या मजकुरासाठीच. त्यात टॅब दाबला की अख्खं टेबल आपोआप सरळ होतं. मी तेही करून पाहिलं. इंग्रजी टेबल शिस्तीत उभं राहिलं. मराठी लग्नाच्या पंगतीसारखं. आणि संताप याचा की यंत्राला या वाकडेपणाचं काहीच नाही. रेघा कशाही असोत, छापील टेबल नीटच निघतं. म्हणजे ती दीड वाजेपर्यंतची हमाली निव्वळ माणसांसाठी होती, आणि माणसं फूटपट्टी घेऊन आली.

शेवटी काकांनी ठराव मांडला: यापुढे हिशोब वहीत ठेवावा. आजींनी अनुमोदन दिलं, बहुधा दंड माफ होईल या आशेवर. ठराव एकमतानं मंजूर. 'एकमतानं'मध्ये मीही आलो.

आता इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडेच आहे. ठराव, सूचक, अनुमोदक असे तीन रकाने केलेत, एकोणीस ओळी सरळ करून झाल्यात. आत्ताच काकांचा फोन आला होता. सूचक म्हणून त्यांचं पूर्ण नाव हवंय, वडिलांच्या नावासकट. त्यात जोडाक्षरं चार.