‘बल गुणिले अंतर’ हे सूत्र अर्धवट आहे

‘बल गुणिले अक्षापासूनचं अंतर, झाला मोमेंट (म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम)’ असं सूत्र परीक्षेच्या तोंडावर फिरतंय. ते अर्धवट आहे. दार घ्या: बिजागरीपासून ०.८ मीटरवर मूठ, बल २० न्यूटन. दाराला काटकोनात ढकललं तर १६ न्यूटन-मीटर. दाराशी ३० अंशांचा कोन करून आडवं ढकललं तर निम्माच, ८. आणि मूठ धरून सरळ वर उचललं तर? बल तेच, अंतर तेच, पण बिजागरीच्या अक्षाभोवती मोमेंट शून्य. दार कुरकुरेल फार तर, फिरणार नाही. अक्षाला समांतर घटक धरायचाच नाही.

सदिशांनी, म्हणजे परिमाण आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींनी, करायचं तर अक्षावरच्या कुठल्याही बिंदूपासून बलाच्या क्रियारेषेपर्यंतचा (बल ज्या रेषेत लागतं तिच्यापर्यंतचा) सदिश घ्या, त्याचा बलाशी सदिश गुणाकार (क्रॉस प्रॉडक्ट) करा, मग अक्षाच्या दिशेतल्या एकक (परिमाण १ असलेल्या) सदिशाशी अदिश गुणाकार (डॉट प्रॉडक्ट). बिंदू बदलला तरी उत्तर तेच. सदिश गुणाकाराचा क्रम उलटवलात, तर मात्र चिन्ह फिरतं.