‘पाच वर्षं झाली, आता तपासणी नको’ हे रेटिनोब्लास्टोमात चालत नाही

लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरबद्दल, म्हणजे रेटिनोब्लास्टोमाबद्दल, पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय. उपचारांनंतर पाच वर्षं गेली की मूल कायमचं बरं. डोळा काढला असेल तर प्रश्नच मिटला. वारंवार भूल दिली की मेंदूला इजा होते, म्हणून तपासण्या बंद करा.

आजार उलटलाच तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, हे खरं आहे आणि त्याचा दिलासा जरूर घ्यावा. पण केमो-लेझरने डोळा वाचवला असेल, तर गाठीचा अवशेष आत राहतो, सुकून चुन्यासारखा पांढरा झालेला. त्याच्या कडेला उरलेल्या पेशी क्वचित कैक वर्षांनीही वाढू लागतात. सुरुवातीला मुलाला ना दुखतं, ना खुपतं. डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात, बुबुळाबाहेर हलका दाब देत पडद्याची पार कड बघतात, मागच्या फोटोंशी ताडतात, तेव्हा ते सापडतं.

डोळा काढला तरी खोबणीत आजार परतू शकतो. काढलेल्या डोळ्याच्या पॅथॉलॉजी रिपोर्टात नेत्रमज्जेबद्दल, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेबद्दल, काय लिहिलंय, यावर तो धोका बराचसा ठरतो.

ज्याच्या दोषामुळे हा आजार होतो, त्या आरबी१ जनुकाचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. सुमारे ४० टक्के मुलांमध्ये या जनुकातला दोष शरीरभर असतो. दोन्ही डोळ्यांत गाठी असतील तर तो धरूनच चालायचं. अशा मुलांना पुढे हाडांचा, स्नायूंचा, त्वचेचा वेगळा कॅन्सर होण्याचा धोका आयुष्यभर राहतो, लहानपणी बाहेरून रेडिएशन दिलं असेल तर जास्तच. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाचा गुडघा आठवडेच्या आठवडे दुखत असेल, तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडू नका, एक्स-रे काढा.

भुलीची भीती निराधार नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार भूल देण्याबाबत अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१६ मध्ये सावध केलं होतं, पण गरजेची तपासणी टाळा असं त्यात नव्हतं. शिवाय मूल पाच-सहा वर्षांचं झालं की बहुतेकदा जागेपणीच तपासू देतं.

तपासण्या कमी करायच्याच असतील, तर डॉक्टरांना आरबी१ चाचणीबद्दल विचारा. एकाच डोळ्याचा आजार आणि रक्तात दोष नाही, असं निघालं तर वेळापत्रक सैल होऊ शकतं. दोष सापडलाच, तर धाकट्या भावंडाचीही तपासणी लगेच करून घ्या.