शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत

चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी, गेल्या दिवाळीनंतर, माझ्या वहिनीच्या बचतगटात एक विषय निघाला आणि बरेच दिवस तिथेच अडकून राहिला. कापूस वेचणीच्या दिवसांत गटातल्या बहुतेक बायका सकाळी आठला शेतात जातात आणि घरी येईपर्यंत अंधार पडलेला असतो. जिल्हा परिषदेची शाळा पाचला सुटते. मधल्या वेळात सहा ते बारा वर्षांची मुले विहिरीच्या कठड्यावर, शेततळ्याच्या काठी, केळीचे ट्रक जातात त्या रस्त्यावर, नाहीतर मोबाइल घेऊन ओसरीवर असतात. देवळाच्या सभामंडपात ही मुले रोज दोन तास सांभाळावीत आणि गटातल्याच दोघींना त्याचा पगार द्यावा, असे वहिनीने सुचवले. गावातले एक वडीलधारे आबा म्हणाले, "पोरे सांभाळाना पैसा कसाना? त्यामा शिकानं काय शे?" शाळेतल्या गुरुजींचे म्हणणे नेमके उलट होते. मुलांबरोबर काम करायचे तर रीतसर पदविका हवी, निदान डी.एड. तरी हवे, असे त्यांनी बजावले.

वहिनीने मला फोन केला, कारण मी डी.एड. झालेली आहे आणि गेली नऊ वर्षे स्कॉटलंडमधल्या एडिंबरात, शाळा सुटल्यानंतर मुले जिथे थांबतात अशा एका केंद्रात नोकरी करते. त्या पदविकेवर मला गावाकडे नोकरी मिळाली नाही. इथे आल्यावर कळले की मुलांच्या खेळाजवळ कसे उभे राहायचे, हेही त्या पदविकेने मला शिकवलेले नव्हते. ते मी पगारी नोकरी करता करता शिकले. त्यामुळे आबांचे आणि गुरुजींचे, दोघांचेही म्हणणे मला पटत नाही, आणि का पटत नाही हे फोनवर सांगण्याइतके सोपे नसल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

आधी इथली व्यवस्था सांगते. एडिंबरातल्या बहुतेक प्राथमिक शाळा दुपारी तीनच्या सुमाराला सुटतात आणि शुक्रवारी तर दुपारीच सुट्टी होते. आईवडील कामावरून येईपर्यंत, म्हणजे साधारण सहापर्यंत, मुले आमच्यासारख्या केंद्रात राहतात. आठ मुलांमागे एक मोठे माणूस हा नियम आहे, आणि सगळी मुले आठ वर्षांची किंवा त्याहून मोठी असतील तर दहांमागे एक चालते. केंद्राची तपासणी सरकारी यंत्रणा करते. काम करणाऱ्यांची नोंद ठेवायला २००१ च्या कायद्याने वेगळी परिषद स्थापन झालेली आहे. तिच्याकडे नाव नोंदवल्यावर ठरावीक मुदतीत पात्रता मिळवावी लागते, पण त्यासाठी नोकरी सोडून कॉलेजात बसावे लागत नाही. नोकरी आधी मिळते, काम आणि शिक्षण बरोबर चालते, आणि वार्षिक परीक्षाही नसते. मूल्यमापन करणारी व्यक्ती आपल्या कामाच्या जागी येते, कोपऱ्यात बसून पाहते, वहीत टिपते आणि नंतर विचारते.

माझ्या मूल्यमापकबाईंची पहिली खेप मला अजून आठवते. नोव्हेंबर होता, बाहेर पाऊस असल्यामुळे मुले हॉलमध्येच होती आणि त्यांच्यासमोर पुठ्ठ्याची मोठी खोकी, जुनी ब्लँकेटे, दोरी आणि चिकटपट्टीची रिळे पडलेली होती. सात वर्षांचा एक मुलगा आणि नऊ वर्षांची एक मुलगी मिळून घर बांधत होती आणि दार कुठल्या बाजूला ठेवायचे यावरून त्यांचा आवाज चढला. मी लगेच मधे बसले, दोघांची समजूत काढली, ब्लँकेट ताणून बांधले, कात्रीने दार कापून दिले. पाच मिनिटांत देखणे घर उभे राहिले आणि भांडण मिटले. मला माझ्या कामाचे समाधान वाटत होते.

मुले गेल्यावर बाईंनी एकच प्रश्न विचारला. घर कोणाचे झाले? मला उत्तर सुचेना, तेव्हा त्यांनी वही उघडून मी मधे पडण्याआधीची तीन मिनिटे वाचून दाखवली. मुलीने ब्लँकेटचे टोक त्या मुलाच्या हातात तीनदा दिले होते. दोनदा त्याने ते सोडून दिले, तिसऱ्यांदा घट्ट धरले आणि दोरीकडे पाहिले, आणि त्याच क्षणी मी तिथे पोचले होते. खेळात मुले एकमेकांना असे इशारे करत असतात, कधी हाताने, कधी नुसत्या नजरेने, आणि इशाऱ्याला उत्तर मिळाले की खेळ पुढे सरकतो. मी ते उत्तर मुलाच्या हातातून काढून घेतले होते. दोन आठवड्यांनी तसेच भांडण पुन्हा झाले. त्या वेळी मी चिकटपट्टीचे रीळ हातात धरून आठ मिनिटे उभी राहिले, आणि ती आठ मिनिटे मला फार जड गेली. शेवटी तो मुलगाच माझ्याकडे आला आणि रीळ मागून घेऊन गेला.

डी.एड.मध्ये आम्ही पाठ टाचण काढायला शिकलो, फळ्यावरचे अक्षर सुधारले, प्रश्न कसा विचारावा हे शिकलो. ते सारे शाळेसाठी आवश्यकच आहे. पण शिक्षकाचा हात शिकवण्यासाठी पुढे होतो, आणि या कामात तोच हात कधी मागे ठेवायचा ते शिकावे लागते. पुस्तकात हे एका ओळीत लिहिता येईल, आणि ती ओळ मी दहा वेळा वाचली असती तरी त्या दिवशी मधे पडलेच असते. आपल्याला पाहणारे, आणि पाहिलेले आपल्याला परत सांगणारे कोणी असल्याखेरीज हे अंगवळणी पडत नाही. गुरुजींना माझे एवढेच सांगणे आहे.

या कामाचा उगम मला प्रशिक्षणातच कळला. डेन्मार्क जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, १९४३ साली, कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे सोरेनसेन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून एक मैदान सुरू झाले. तिथे घसरगुंडी किंवा पाळणा न ठेवता लाकडे, विटा, दोऱ्या आणि मोडके सामान ठेवले होते, आणि मुलांच्या सोबतीला एक पगारी माणूस नेमलेला होता. ब्रिटिश उद्यानरचनाकार लेडी अ‍ॅलन यांनी १९४६ मध्ये ते पाहिले आणि बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या ब्रिटनमधल्या मोकळ्या जागांवर तशी मैदाने व्हावीत म्हणून चळवळ केली. या इतिहासातला सामानाचा भाग लोकांच्या लक्षात राहतो. मला तो पगारी माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो.

सामानाची खानदेशात काय वाण आहे? पऱ्हाटीच्या काड्या, केळीचे सोपट, मक्याचे बुरकूंड, गोणपाट, चिंचोके, नदीतले गोटे, सगळे फुकट आहे. खेळही आहेत. आखाजीला निंबाच्या फांदीला झोके टांगतात, भुलाबाईच्या महिनाभरात मुली गाणी म्हणत घरोघर जातात आणि झाकलेला खाऊ ओळखतात. हे कोणी शिबिर भरवून शिकवलेले नाही. पूर्वी गल्लीत लक्ष ठेवणारी नजरही असायची, ओसरीवर वाती वळत बसलेली आजी अर्धे लक्ष पोरांकडे ठेवून असायची. आता मजुरीसाठी आजीही वेचणीला जाते. तिची जागा रिकामी झाली आहे आणि ती आपोआप भरेल असे आपण धरून चाललो आहोत.

आबांचे म्हणणे मी हलके लेखत नाही, कारण त्यामागे आपल्याकडची एक थोर परंपरा आहे. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते, तिथले वसतिगृह त्यांनी सांभाळले आणि मुलांची आईच्या मायेने सेवा केली, हे खानदेशातल्या प्रत्येक घरात सांगितले जाते. मुले सांभाळणे ही सेवा आहे हा संस्कार माझ्यावरही तिथूनच झाला. पण गुरुजी त्या शाळेचे पगारी शिक्षक होते, आणि त्यांच्या सेवेची थोरवी त्या पगाराने उणावली नाही. शेतमजूर बाईला मात्र आपण सेवा करायला सांगतो तेव्हा तिची दोन तासांची मजुरी बुडते, आणि ती कोण भरून देणार हे कोणी बोलत नाही.

सेवा म्हटले की पगाराचे मानधन होते. अंगणवाड्या २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू आहेत आणि अंगणवाडी सेविकांना आजही मानधनच मिळते. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीतही चालू राहिला. त्यांना ग्रॅच्युइटी द्यायला हवी हे मान्य व्हायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. ज्या कामासाठी सरकारी यंत्रणा उभी आहे त्याची ही स्थिती असेल, तर सहा वर्षांवरच्या मुलांच्या संध्याकाळी सांभाळणाऱ्या बाईला काय मिळणार? अंगणवाडी सहाव्या वर्षी संपते, पाळणाघराची सरकारी योजनाही तिथेच थांबते, आणि शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेच्या वेळेपुरता सांभाळतो.

काम करत शिकणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचे 'कमवा आणि शिका' सगळ्यांना ठाऊक आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला गेले. अनुताई तिथे आल्या तेव्हा अनुभवी शिक्षिका होत्या, तरीही आदिवासी मुलांमध्ये कसे काम करायचे ते त्या ताराबाईंच्या शेजारी राहून, रोजच्या कामातून शिकल्या. अलीकडचे उदाहरण राज्य सरकारच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे आहे. बारावी झालेल्याला सहा हजार, पदवीधराला दहा हजार असे दरमहा विद्यावेतन त्यात ठरले, नंतर मुदत सहा महिन्यांवरून अकरा महिने झाली, आणि मुदत संपत आली तेव्हा प्रशिक्षणार्थींनी कायम करण्याची मागणी केली. चर्चा साहजिकच पैशांची आणि नोकरीची झाली. या अकरा महिन्यांत आपल्याला शिकवायला कोण होते, आपले काम पाहून कोण बोलले, हा प्रश्न मात्र त्या वादात मला कुठे ऐकू आला नाही. पगार असेल आणि पाहणारे कोणी नसेल, तर त्या काळाला मी प्रशिक्षण म्हणणार नाही.

इथे सगळे आलबेल आहे असा समज मी करून देणार नाही. आमचा पगार किमान वेतनाच्या आसपासच असतो, शिकून तयार झालेल्या माझ्या दोन सहकारी सुपरमार्केटमध्ये गेल्या कारण तिथे तासांची खात्री होती, आणि केंद्राची फी भरताना पालकांची ओढाताण होते. कागदपत्रांचा भारही फार आहे. मला पात्रता मिळवायला चौदा महिने लागले आणि त्यातले कित्येक रविवार इंग्रजीत टिपणे लिहिण्यात गेले. त्यातही एक सोय माझ्या फार उपयोगी पडली. लिहून देण्याऐवजी मूल्यमापकाशी केलेली चर्चा ध्वनिमुद्रित करून पुरावा म्हणून देता येते. ही सोय गावाकडे नेता येईल. सातवीपर्यंत शिकलेली बाई काय पाहिले ते अहिराणीत नीट सांगू शकते, आणि तिच्यासाठी फोनवरचे ध्वनिमुद्रण पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट इथून जशीच्या तशी घ्यावी असे मला वाटते. माझ्या प्रशिक्षणात सर्वांत आधी शिकवले गेले ते मूल संकटात असल्याचे ओळखणे आणि त्याने काही सांगितले तर ते कोणाला कळवायचे हे. कामावर येण्यापूर्वी प्रत्येकाची पोलिसी नोंद तपासली जाते. गावात 'सगळे आपलेच' म्हणून हा विषय टाळला जातो. २०१२ च्या पोक्सो कायद्याने मात्र मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. सभामंडपातल्या दोघींना हे पहिल्या आठवड्यात माहीत व्हायला हवे. त्याबरोबर साप चावल्यावर आणि मूल पाण्यात पडल्यावर काय करायचे, हेही.

वहिनीला मी सुचवले ते असे. दोन बायका, प्रत्येकीकडे दहापेक्षा जास्त मुले नकोत, पगार पहिल्या दिवसापासून, आणि शेजारच्या गावातल्या निवृत्त अंगणवाडी सेविकाबाईंनी आठवड्यातून एकदा येऊन नुसते पाहायचे, टिपायचे आणि मुले गेल्यावर अर्धा तास बोलायचे. त्यांच्या येण्याजाण्याचे आणि वेळेचेही पैसे धरायचे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. आमच्या गावासाठी ती रक्कम लहान आहे, म्हणून उरलेले पैसे यंदा गट आपल्या बचतीतून देणार आहे. पुढच्या वर्षाचे काय करायचे, ते अजून ठरलेले नाही.

फेब्रुवारीत चौदा मुलांनिशी सुरुवात झाली. मागच्या आठवड्यात त्या दोघींपैकी एकीचा चार मिनिटांचा आवाजी संदेश वहिनीने मला पाठवला. सभामंडपाच्या मागे कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा, ढीग आहे, त्यावर एक आठ वर्षांची मुलगी चढली आणि उडी मारायला उभी राहिली. आपण ओरडणार होतो, पण हात पाठीमागे बांधून थांबलो आणि मुलीने उडी मारली, असे ती अहिराणीत सांगत होती. मागून मुलांचा गलका ऐकू येत होता. शेवटी तिने विचारले, "ताई, मी बरोबर केलं का?"

मी फोन करून विचारले की उडी मारण्याआधी ती खाली पाहत होती का, आणि खाली काय होते.

ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "खाली कुटारच होतं. ती बघत होती का, ते मी नाही पाहिलं. उद्या बघते."