संसाराचा पुरावा: नवविवाहितांसाठी काही सूचना

अमेरिकन नागरिकाशी लग्न करून तुम्ही त्या देशात पाऊल ठेवलेत आणि तेव्हा लग्नाला दोन वर्षे झालेली नसली, तर मिळणारे ग्रीन कार्ड दोनच वर्षांचे आणि सशर्त असते. खोट्या लग्नांना आळा घालणाऱ्या 1986 च्या कायद्याने ही सोय केलेली आहे, तेव्हा हळद उतरण्यापूर्वीच फाइल उघडावी.

विजेचे बिल दोघांच्या नावावर घ्यावे. एकमेकांशी पटले नाही तरी चालेल, पण बँकेचे खाते संयुक्तच असावे.

भांडण करायचेच असेल तर कार्डावरची अट काढून घेण्यासाठीच्या आय-751 या अर्जावर जोडीदाराची सही घेतल्यानंतर करावे. घटस्फोट झाला किंवा छळ होत असला, तर एकट्यानेही अर्ज करता येतो. मात्र छळ सोसतानाही कागदपत्रे नीट लावून ठेवण्याची शिस्त बाळगावी.

फोटोंविषयी विशेष काळजी घ्यावी. गेल्या आठवड्यात आमच्याकडे इमिग्रेशन खात्याचे पत्र आले, त्यात जाडजूड गठ्ठा पाठवूनही एकत्र राहत असल्याचे आणखी पुरावे मागितले आहेत. सप्तपदीचे आणि अक्षतांचे फोटो फार तर लग्न लागल्याचे सांगतात, संसार चालू असल्याचे नव्हे, हे आम्हांला त्यामुळे कळले. आता आमच्या घरचे फोटो पाहा. सासूबाई शेजारी असल्या की आम्ही दोघे हातभर अंतर ठेवून उभे राहतो, कारण तसेच वळण आहे. गणपतीत मखर आहे, मोदक आहेत, मी आहे, शेजारच्यांची मुलेही आहेत. नवरा मात्र कुठेच नाही, कारण प्रत्येक फोटो त्यानेच काढलेला आहे, आणि एका कोपऱ्यात त्याचा अंगठा तेवढा आलेला आहे. त्या अंगठ्याखाली नाव लिहून तो पाठवावा काय? की यापुढे भाजी निवडतानाही गळ्यात गळे घालून, तारीख दिसेल अशा बेताने, शेजाऱ्याकडून फोटो काढून घ्यावेत?

तुमचा संसार खरा आहे असे शपथपत्र लिहून देणाऱ्या मित्रांना अधूनमधून जेवायला बोलवावे.

जोडीने अर्ज करायचा तर तो कार्डाची मुदत संपण्यापूर्वीच्या 90 दिवसांतच करावा. अर्ज केलाच नाही तर रहिवासाचा दर्जा आपोआप संपतो आणि देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते. तुम्हांला 90 दिवस. निकाल देणाऱ्यांनी मात्र पोचपावतीवरच कार्डाला 48 महिन्यांची मुदतवाढ छापून स्वतःची बेगमी करून ठेवलेली असते. अहो इमिग्रेशनवाले, नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो असे तुमचाच कायदा म्हणतो, आणि तोवर या आधीच्या अर्जाच्या निकालाचाच पत्ता नसतो! 750 डॉलर शुल्क कशाचे घेता? ज्या सरकारकडे आम्ही दरवर्षी संयुक्त करविवरण भरतो, त्याच सरकारला त्याच्या प्रती पुन्हा कशाला हव्यात? खोटी लग्ने शोधायची असतील तर जरूर शोधा, पण त्यासाठी पुरेशी माणसे नेमा, आलेले कागद एकदा नीट वाचा, वेळेत हो किंवा नाही सांगा, आणि आमच्या अल्बमवर शेरे मारणे बंद करा.