मैदान शाळेचं, गवत शहराचं

दर रविवारी सकाळी साडेनऊला कॅलिफोर्नियातल्या आमच्या मराठी शाळेतले शिक्षक इथल्या सरकारी शाळेतला भाड्याचा वर्ग उघडला की आधी मोबाईल काढतात. फळ्याचा एक फोटो, बाकांच्या रांगांचा एक, खिडकीत मांडलेल्या वस्तूंचा एक. मग बाकं सरकवायची, पोरांना गोल बसवायचं आणि 'अ अननसाचा' सुरू करायचं. बारा वाजता तेच फोटो समोर धरून खुर्ची न् खुर्ची जागच्या जागी लावायची. सोमवारी त्या वर्गाच्या बाई आल्या की काल इथे पंधरा मुलं बसली होती याचा मागमूससुद्धा दिसता कामा नये.

ही शिस्त आम्हाला एका प्रसंगाने लावली. सहा वर्षं झाली त्याला. कॅलिफोर्नियात चौथीच्या मुलांना इथल्या जुन्या स्पॅनिश मिशनांचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या ठाण्यांचा, इतिहास असतो, आणि बऱ्याच शाळांमध्ये मुलं त्या मिशनची प्रतिकृती करून आणतात. पुठ्ठा, रंग, साखरेचे चौकोनी खडे. आम्ही भाड्याने घेतलेल्या वर्गात अशा प्रतिकृती खिडकीपाशी ओळीने ठेवलेल्या होत्या. आमच्या बालवर्गातल्या एका मुलाने त्यातली एक उचलली आणि घंटेचा मनोरा निखळून पडला. आम्ही तो चिकटपट्टीने बसवला आणि कुणाला काही बोललो नाही. चूक आमचीच होती. मनोरा पडला त्याहून, सांगितलं नाही ही मोठी. मंगळवारी ईमेल आली, वर्ग वापरायचं परमिट थांबवलं म्हणून. पुढचे पाच रविवार एका पालकांच्या गॅरेजमध्ये, वॉशिंग मशिनच्या शेजारी सतरंजी घालून शाळा भरली.

शेवटी त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी बोलावलं. मी माफी मागायच्या तयारीने गेले होते. त्यांनी माफी ऐकून घेतली आणि एक कागद पुढे केला. दार कोण उघडणार, कोण लावणार, फळ्यावर 'पुसू नका' लिहिलं असेल तर काय, काही मोडलं तर कुणाला, किती तासांत आणि कसं कळवायचं, कचरा कुठे टाकायचा. "तुमच्यावर विश्वास आहे का नाही हा प्रश्नच नाही," त्या म्हणाल्या, "हे लिहिलेलं नव्हतं, हा प्रश्न आहे." त्या दिवसापासून शाळेची जागा गावाने कशी वापरायची आणि ते कुठे लिहिलेलं असतं, या विषयाच्या मी मागे लागले, आणि आज थोडं सविस्तर लिहिते, कारण आमच्या भागात या घडीला ते गरजेचं झालंय.

नव्याने आलेल्यांसाठी आधी एक गोष्ट. इथे शाळा शहराच्या नसतात. आपल्याकडे महापालिकेची शाळा म्हणजे महापालिकेचीच इमारत आणि तिचेच शिक्षक. इथे कॅलिफोर्नियात स्कूल डिस्ट्रिक्ट हे फक्त शाळा चालवणारं वेगळंच सरकार आहे. त्याचं बोर्ड वेगळं निवडून येतं, पैसा वेगळा, जमीन वेगळी, हद्दसुद्धा वेगळी. कूपर्टिनो युनियन डिस्ट्रिक्टमध्ये कूपर्टिनो येतंच, शिवाय सनीवेल, सॅन होजे, सँटा क्लारा, सॅराटोगा, लॉस ॲल्टोस यांचेही तुकडे येतात. फ्रीमाँट हायस्कूल फ्रीमाँट शहरात नाही, सनीवेलमध्ये आहे. मला हे समजायला तीन वर्षं लागली. तोवर मी शाळेच्या मैदानाबद्दल सिटी हॉलला फोन करत होते आणि पार्कबद्दल शाळेला.

आता अशी दोन सरकारं एकाच गल्लीत शेजारी नांदतात. शाळेकडे मैदान आहे, जिम आहे, पण माळी ठेवायला पैसे नाहीत. शहराकडे माळी आहेत, गवत कापायची मोठी यंत्रं आहेत, पण नवीन जागा नाही. आणि सिलिकॉन व्हॅलीत आज एकरभर जमीन घेऊन नवं पार्क करायचं तर कुठल्याही शहराचे डोळे पांढरे होतील. मग दोघं बसतात आणि करार करून देवाणघेवाण ठरवतात. शहराने गवत कापायचं, पाणी द्यायचं, स्प्रिंकलर दुरुस्त करायचे, गोलपोस्टच्या जाळ्या बदलायच्या. शाळा चालू असेपर्यंत मैदान मुलांचं. शाळा सुटली की, आणि शनिवार-रविवार, ते गावाचं. कुठे यात क्रॉसिंग गार्डचा पगारही येतो. पिवळं जॅकेट घालून, हातात स्टॉपची पाटी धरून चौकात उभे राहणारे ते आजोबा पुष्कळदा शहराच्या पैशातून उभे असतात.

सनीवेलमध्ये कित्येक शाळांची मैदानं शहराचं पार्क खातं सांभाळतं. फ्रीमाँट हायस्कूलचा पोहण्याचा तलाव शहर आणि हायस्कूल डिस्ट्रिक्टच्या भागीदारीतला आहे. शाळेच्या मुलांना तो आहेच, शिवाय बाकीचं गावही तिथे पोहायला जातं. कोलंबिया मिडल स्कूलच्या आवारात शहर आणि डिस्ट्रिक्ट मिळून नेबरहूड सेंटर, म्हणजे आसपासच्या वस्तीसाठीचं केंद्र, चालवतात. ओकलंडला खेटून असलेलं एमरीव्हिल तर अजून पुढे गेलं. जेमतेम सव्वा चौरस मैल जमिनीचं गाव. तिथे शहर आणि स्कूल डिस्ट्रिक्टने एकत्र येऊन एकच संकुल बांधलं, 2016 मध्ये ते उघडलं. शाळा तिथेच, जिम आणि तलाव तिथेच, शहराचे वर्गही तिथेच.

मी एकदा कागदावर हिशेब केला. शाळेचं वर्ष साधारण 180 दिवसांचं. रोजचे सात तास धरले तर 1260 तास. वर्षातले उजेडाचे तास धरा 4380. म्हणजे दिवसाउजेडी सुद्धा मैदानाचा शंभरातला सत्तर वाटा वेळ शाळा तिथे नसते. ज्या जमिनीचे पैसे आपल्याच करातून एकदा दिले गेलेत, ती एवढा वेळ कुलपात ठेवायची आणि बाजूला पार्कसाठी पुन्हा करातूनच दुसरी जमीन घ्यायची, हे कुठल्याही घरातल्या बाईला पटणार नाही.

या सगळ्यामागे एक जुनी जखमही आहे. 1978 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन 13 मंजूर केलं. घराचा कर किमतीच्या एक टक्क्यावर अडवला आणि करासाठी धरायची किंमतही वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येणार नाही असं ठरवलं. शाळांचं उत्पन्न एकदम खाली आलं. मैदानं, वाद्यवृंद, वाचनालयं हे सगळं आधी कापलं गेलं, कारण गणिताचा शिक्षक काढता येत नाही, माळी काढता येतो. आपण नवीन घर घेऊन भरमसाट कर भरतो आणि शेजारचे आजी-आजोबा चाळीस वर्षांपूर्वीच्या भावाने, यावर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमी चडफड चालते. पण त्याच कायद्याचा दुसरा परिणाम म्हणजे शहर आणि शाळांना एकमेकांचा आधार घ्यावा लागला, हे त्या चर्चेत कधी येत नाही.

कल्पना मात्र 1978 च्या बरीच आधीची. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये 1907 मध्ये एडवर्ड वॉर्ड यांनी शाळेच्या इमारती संध्याकाळी नागरिकांच्या सभांना आणि करमणुकीला उघडल्या. मिलवॉकीत तर 1911 पासून उलटाच कारभार आहे: अख्ख्या शहराचे खेळ आणि छंदवर्ग स्कूल डिस्ट्रिक्टच चालवतं. कामगार वस्त्यांतल्या त्या शाळांमध्ये रात्री दिवे लागलेले असायचे. मला ते चित्र फार आवडतं. न्यूयॉर्क शहराने 2007 मध्ये ठरवलं की प्रत्येक माणसाला दहा मिनिटांच्या चालीत पार्क हवं, आणि त्यासाठी नवी जमीन शोधत बसण्याऐवजी शाळांची डांबरी अंगणं दुरुस्त करून सुट्टीच्या दिवशी उघडली. दोनशेहून जास्त. सॅन फ्रान्सिस्कोतही शनिवार-रविवारी शाळांची फाटकं शेजाऱ्यांसाठी उघडतात.

आपली मराठी शाळा मात्र या देवाणघेवाणीत बसत नाही, ती दुसऱ्या दाराने येते. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यात सिव्हिक सेंटर नावाचा भाग आहे. राज्यातली प्रत्येक सरकारी शाळा हे नागरिकांचं केंद्र आहे, असं तो सरळ सांगतो. आपल्यासारख्या ना-नफा संस्थेकडून डिस्ट्रिक्ट खर्चापुरतं भाडं घेऊ शकतं. वीज, सफाई, कस्टोडियनचा म्हणजे शाळेची देखभाल करणाऱ्याचा पगार. विम्याचा कागद आपण द्यायचा. म्हणजे वर्ग मिळतो तो कायद्याने आणि मैदान मिळतं ते कराराने. पहिली गोष्ट बोर्डाला सहज नाकारता येत नाही. दुसरी करार संपला की संपते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातली. आमची झेडपीची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. ग्रामसभा तिथेच, मतदान तिथेच, लसीकरण तिथेच. मे महिन्यात लग्नाचं वऱ्हाड तिथेच उतरायचं. बदल्यात ग्रामपंचायत कौलं शाकारून द्यायची, कुणी पाण्याची टाकी, कुणी मुलांसाठी सतरंज्या. सगळं तोंडी, गुरुजी आणि सरपंच यांच्यात. पुढे गुरुजींची बदली झाली. नव्या गुरुजींचं आणि सरपंचांचं पटलं नाही आणि दोन वर्षं व्हरांड्याला साखळी लागली. कौलं फुटली ती फुटलीच राहिली. आम्ही पावसाळ्यात पाटी डोक्यावर धरून वर्गात बसायचो. माणसं चांगली होती, दोन्हीकडची. कागद नव्हता.

म्हणून इथला साठ-सत्तर पानी करार बघून लोक कंटाळतात तेव्हा मला त्यांना सांगावंसं वाटतं, वाचा तो. त्यात लिहिलेलं असतं की पाऊस पडल्यावर चिखलात खेळून मैदान खराब झालं तर कुणी बंद करायचं, सॉकरच्या संघांना किती तास आणि नुसतं चालायला येणाऱ्यांना किती, स्वच्छतागृह कोण उघडणार, पाण्याचं बिल कुणाचं. यातली एकेक ओळ कुठल्या तरी भांडणातून आलेली आहे. आमच्या एका पानातली 'चोवीस तासांत कळवा' ही ओळ त्या साखरेच्या मनोऱ्यातून आली, तशीच.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये शाळांना कुंपण घालायचं चाललंय. सहा फूट, काळं, लोखंडी. शहराबरोबरचा मैदानांचा करार नूतनीकरणाला आलाय आणि बोर्डातल्या काहींचं म्हणणं आहे की तो संपू द्यावा.

कुंपणाला माझा विरोध नाही, हे स्पष्ट सांगते. 2012 ला सँडी हूक शाळेत गोळीबार झाला तेव्हा माझी मोठी पहिलीत होती. तिथे वीस लहान मुलं गेली. 2022 मध्ये युव्हाल्डीतल्या शाळेत एकोणीस. ती बातमी वाचून दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेच्या दारात सोडताना हात सुटत नाही, ते ज्याला माहीत आहे त्याला मी वेगळं काय सांगणार. शाळेच्या वेळात फाटक बंद असलंच पाहिजे. पण साडेतीनला ते उघडणार का, आणि कोण उघडणार? सगळी गोष्ट या एका किल्लीवर येऊन अडलीय. डिस्ट्रिक्ट म्हणतं आमच्याकडे माणूस नाही. शहर म्हणतं कुलूप तुमचं. अहो, याच्याचसाठी तर करार असतो! गवत कापायला शहराचा माणूस आठवड्यातून येतोच, संध्याकाळी फाटक उघडायला आणि अंधार पडल्यावर लावायला पार्क खात्याचा माणूस ठरवा आणि कागदावर लिहा. ज्या गावात गवत, पाणी आणि क्रॉसिंग गार्ड यांचा हिशेब बसतो, तिथे एका किल्लीचा बसू नये?

त्या मैदानावर रोज संध्याकाळी कोण असतं ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आपले आई-बाबा. पायात स्पोर्ट्स शूज, वर साडी, त्यावर मुलाचं जुनं जॅकेट. त्या ट्रॅकवर त्यांच्या ओळखी होतात. नागपूरच्या काकूंना कोल्हापूरच्या काकू तिथेच भेटतात, तेलुगू आजींशी हातवाऱ्यांनी बोलणं होतं. गाडी चालवता येत नाही अशा माणसाला इथे पायी जाण्यासारखी तेवढी एकच जागा आहे. आमच्या सासूबाई गेल्या वर्षी म्हणाल्या, "तेवढं मैदान आहे म्हणून दिवस जातो गं."

आणि त्या मैदानाबद्दलची सभा होते तेव्हा आपल्यापैकी कुणीही नसतं. मी मागच्या दोन सभांना होते. मराठी मी एकटी.

लोक म्हणतात, आम्ही व्हिसावर, मत नाही, आम्ही काय बोलणार. बोलता येतं. कॅलिफोर्नियात ब्राउन ॲक्ट नावाचा 1953 चा कायदा आहे. सिटी कौन्सिल असो की स्कूल बोर्ड, सभा सगळ्यांना खुली, नेहमीच्या सभेचा अजेंडा 72 तास आधी लावावा लागतो आणि कुणालाही उठून बोलता येतं. नागरिकत्व कुणी विचारत नाही, व्हिसा तर नाहीच. सभेत बसायला नाव लिहिण्याचीसुद्धा सक्ती करता येत नाही. इंग्रजी अडखळलं तरी चालतं. गेल्या वेळी एक व्हिएतनामी आजोबा दुभाषा घेऊन आले होते, ट्रॅकवर रोज किती फेऱ्या मारतात ते त्यांनी सांगितलं आणि बोर्डाच्या अध्यक्षांनी ते लिहून घेतलं.

करार या गुरुवारी संध्याकाळी सातला बोर्डासमोर आहे, पुढच्या मंगळवारी सिटी कौन्सिलसमोर. दोन्हीकडे यावं लागेल, एकीकडे बोलून भागणार नाही. मी गुरुवारी फाटकाच्या किल्लीबद्दल बोलणार आहे, एवढंच. सासूबाई या वेळी इथे आहेत, त्याही येतायत. त्या मराठीत बोलतील, मी भाषांतर करीन. माझ्या गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. सव्वासहाला निघू. ज्यांना यायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, आणि घरी आई-बाबा आले असतील तर त्यांना घेऊन या.